'येतो' म्हटल्याशिवाय लिफ्ट नाही

आमच्या समोरच्या फ्लॅटमधून कोणालाही नुसतं निघून जाता येत नाही. निघताना 'येतो' म्हणावं लागतं. न म्हणता निघालात तर अनंत दळवी तुमच्यामागे लिफ्टपर्यंत येतात, बंद होणाऱ्या दारात पाय घालतात आणि विचारतात, "काहीतरी राहिलं ना?"

नवीन माणूस घाबरतो. एकदा एका प्लंबरने लिफ्टमध्येच पिशवी उलटी करून पाना, टेप, वॉशर सगळं तपासलं. "सब है, साब." दळवी म्हणाले, "सामान नाही रे, बोलायचं राहिलं. येतो म्हण." त्यावर तो म्हणाला, "कल भी आना है क्या?" सिलिंडरवाला शहाणा. तो सिलिंडर खाली टेकवायच्या आधीच "येतो, येतो" म्हणून मोकळा होतो. मतं मागायला आलेल्या एका उमेदवारालाही दळवींनी लिफ्ट अडवून 'येतो' म्हणायला लावलं होतं. तो त्यानंतर फिरकलेला नाही, ते सोडा.

मला हा प्रकार असह्य व्हायचा. मी सरकारी नोकरीत अर्ज तपासण्यात हयात घालवलेला माणूस. सहीच्या जागी सही आणि तारखेच्या जागी तारीख, एवढंच मला कळतं. सकाळचा पेपर परत द्यायला गेलो तरी हा गृहस्थ लहान मुलाला पाढे म्हणायला लावावं तसं माझ्याकडून 'येतो' वदवून घ्यायचा. मी मुद्दाम "चला" म्हणून पाहिलं. लिफ्ट नव्हे, माझं स्वतःचं दार अडवलंन.

दळवींची बायको जपानी. युमी. सोसायटीत सगळे तिला युमीवहिनी म्हणतात. दळवी इंजिनिअर, कंपनीने त्यांना मशिनचं काम शिकायला जपानला पाठवलं होतं, तिथे ज्यांच्या घरी भाड्याने राहिले त्यांची ही मुलगी. "त्यांच्यातसुद्धा घरातून निघताना 'जाऊन येते' असंच म्हणतात, प्रधान," दळवी मला नेहमी सांगत. "पहिल्या दिवशी ती ऑफिसला निघाली, काहीतरी बोलली, मी अर्थ विचारला. संपलं. पत्रिका तिथेच जुळली." एवढ्या तेवढ्यावरून लग्नं होतात हे मला नवीन होतं. आमच्या लग्नात मानपानावरून दोन मामा अजून बोलत नाहीत.

युमीवहिनींचं मराठी हा आणखी एक प्रकार. बेलापूरला राहायला आल्या तेव्हा दळवी दिवसभर कंपनीत, शेजारणींना इंग्रजी बोलायचा संकोच. मग त्या रोज जवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जायच्या. तिथल्या मासे विकणाऱ्या बायका कोणाशी बोलायला लाजत नाहीत. त्यामुळे आमची ही पुण्याहून आलेल्या बहिणीला घेऊन समोर गेली, बेल वाजवली, तर आतून खणखणीत आवाज आला, "कोन हाय?" दार उघडलं आणि छोट्या चणीच्या जपानी बाई म्हणाल्या, "या, बसा. पानी देव का?" पुण्याच्या मेहुणीने दारावरची पाटी पुन्हा वाचली.

तर गेल्या वर्षी युमीवहिनींचे वडील तिकडे घरात पडले. मांडीचं हाड मोडलं. वय झालेलं, घरात दुसरं कोणी नाही. वहिनींना ताबडतोब जायचं होतं आणि तेव्हा कळलं की त्यांच्या व्हिसाची मुदत केव्हाच संपली आहे. मुदत संपलेल्या माणसाला इथून निघायलाही परवानगी लागते, आणि तसंच निघालं तर परत येऊ देतील याचा भरवसा नाही.

"अर्ज केलाय मी," दळवी सांगत राहिले. "वेळेत केलाय. व्हिसा ऑफिसकडूनच उशीर होतोय."

वहिनी रोज वडिलांना फोन लावायच्या, त्यांना फोनवरच जेवायला लावायच्या आणि फोन ठेवला की गॅलरीत उभ्या राहायच्या. आमच्या हिने ते पाहिलं आणि मला फर्मान सोडलं, "आयुष्यभर लोकांचे अर्ज अडवलेत. आता एक सोडवा."

मी समोर जाऊन बसलो. दळवींनी नाइलाजाने लॅपटॉप उघडला. अर्ज सुरेख भरलेला. लग्नाचा दाखला, फोटो, लाइटचं बिल, सोसायटीचं पत्र, सगळं जागच्या जागी. फक्त एक चौकोन रिकामा आणि त्याच्या बाजूला लाल खूण. भारतातून जाण्याची अपेक्षित तारीख.

"हे भरा की."

"नाही भरणार."

"का?"

"जाण्याची तारीख लिहीत नसतात, प्रधान."

मला आधी वाटलं थट्टा आहे. नव्हती. त्या चौकोनावर या माणसाने कितीतरी महिने झुंज दिली होती. आधी आडवी रेघ टाकली, कॉम्प्युटरने घेतली नाही. मग 'लागू नाही' लिहिलं. मग कॅलेंडर पुढे पुढे ढकलत वहिनींचं वय दोनशेच्या वर जाईल अशी तारीख निवडली. तीही नाकारली गेली. शेवटी त्यांनी ऑफिसला रीतसर पत्र पाठवलं होतं, की आमच्यात घरच्या माणसाच्या जाण्याची तारीख लिहिण्याची पद्धत नाही, तरी परत येण्याची तारीख विचारावी, ती आनंदाने कळवू.

"अहो, नुसता रकाना आहे तो," मी ओरडलो. "व्हिसा संपण्याची तारीख टाका आणि पुढे चला."

"तुम्ही लिहाल? तुमच्या मिसेसची?"

मी रागाने लॅपटॉपकडे हात नेला. आमची ही समोर वहिनींच्या ओट्यावर मेथी निवडत होती. एक तारीख मनात आणून पाहिली. आली नाही.

एवढ्यात युमीवहिनी चहा घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चौकोन पाहिला, लाल खूण पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला.

"तुमी एवरा खोटा कशाला बोलला?" त्या म्हणाल्या. "मना बापाला बगाला जायाचा हाय."

दळवींनी कप उचलला. वहिनींनी लॅपटॉप ओढून घेतला, तारीख टाकली, बटण दाबलं आणि आत निघून गेल्या. एका मिनिटाचं काम होतं.

उशीर झाल्यामुळे ऑफिसात जाऊन खुलासा द्यावा लागला. मी सोबत गेलो, कारण दळवी तिथे काय बोलतील याची मला धास्ती होती. आम्ही बाहेर नंबर लागायची वाट बघत होतो. वहिनी दोन खुर्च्या सोडून, आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्या दिवसापासून बोलणं बंद होतं.

"आई तपासणीला निघाली होती," दळवी एकदम म्हणाले. "साधी तपासणी. बहीण न्यायला आली होती. दारातून आई म्हणाली, 'जाते रे.' मॅच चालू होती. मी मान न वळवता 'हं' म्हटलं. ती परत आलीच नाही."

मी हातातली फाईल मिटली.

"शब्दाने काही होत नसतं, ते मला कळतं. मी इंजिनिअर आहे. पण 'जाते काय, येते म्हण' असं सांगायला उठलो असतो तर दारापर्यंत गेलो असतो. तिचं तोंड तरी बघितलं असतं."

आजवर या माणसाने मला जितक्या वेळा दारात अडवलं आणि मी जितक्या वेळा चिडलो, ते सगळं मला तिथे बसल्या बसल्या आठवलं. फार वाईट वाटलं.

आतल्या बाईंनी ते पत्र वाचलेलं होतं. त्यांनी दळवींना चष्म्यावरून नीट न्याहाळलं, खुलासा लिहून घेतला, दंडाची पावती घेतली आणि म्हणाल्या, "मिळेल मुदतवाढ. पुढच्या वेळी पत्रं नका पाठवू."

"थँक्यू मॅडम. येतो."

"नका येऊ आता. काम झालंय."

दळवी दारातच थांबले. मागे रांग खोळंबली. मी त्यांची बाही ओढली, हलेनात. बाईंनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे, आणि म्हणाल्या, "बरं, या."

वहिनी निघाल्या त्या सकाळी दळवी विमानतळावर यायला तयार नव्हते. माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की मागे घराला कुलूप लागता कामा नये आणि लगेच केरही काढायचा नाही, अशी त्यांची कलमं. म्हणून पोचवायला आम्ही दोघं. वडिलांसाठी घेतलेला सुका जवळा बॅगेतून बाहेर काढायला आमच्या हिला बरीच मिनतवारी करावी लागली. दळवींनी वहिनींच्या हातावर दही ठेवलं. बोलणं अजून बेताचंच होतं.

लिफ्टपाशी वहिनी म्हणाल्या, "येते."

स्पष्ट, शुद्ध, आमच्या पुण्याच्या मेहुणीने ऐकावं असं. दळवींनी मान हलवली. आम्ही आत शिरलो, बटण दाबलं, दार सरकू लागलं. तेवढ्यात वहिनींनी दारात पाय घातला.

"कायतरी रायला ना?" त्या म्हणाल्या.

दळवी गोंधळले. पासपोर्ट, चष्मा, औषधं, सगळं त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं.

"सामान नाय," वहिनी म्हणाल्या. "आमच्या जपानमदी जो घरी रातो त्याला पन बोलाचा असतं. तुमी कवाच बोलत नाय."

एवढी वर्षं हा माणूस जाणाऱ्याकडून शब्द वसूल करत आला. त्याच्याकडे कोणी मागितला नव्हता. दळवी लिफ्टच्या दाराशी आले. लिफ्ट पीं पीं करायला लागली. खालच्या मजल्यावरून कोणीतरी दार ठोकत होतं. वहिनींनी पाय काढला नाही.

"ये," दळवी म्हणाले. मग आवाज जरा सुधारून, "लवकर ये."

वहिनींनी पाय आत घेतला.