ओल्वेनकाकूंचं पूर्णवेळ शिक्षण

घरपट्टी खात्याच्या बेनॉनबाई दारातच म्हणाल्या, "प्रॉसरकाका, घरात राहतं कोण कोण?" आणि इड्वल प्रॉसर चटकन बोलून गेले, "मी, ओल्वेन आणि ही मॅनन."

मॅनन म्हणजे वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी, नर्सिंग शिकणारी पोरगी. तिनं कपाळाला हात लावला. ओल्वेनकाकूंना वसंतातच चॅपलमागच्या टेकडीवरच्या दफनभूमीत ठेवून आले होते.

बाईंना बोलावलं होतं मॅननंच. पूर्णवेळ शिकणारं माणूस घरपट्टीत मोजत नाहीत. म्हणजे कायद्यानं काका घरात एकटे, आणि एकट्याला चौथाई सूट. काका खर्चाच्या धास्तीनं कडाक्याच्या थंडीतही शेगडी पेटवायला कचरत, म्हणून तिचा हा खटाटोप. काकांनी फक्त 'एकटा' एवढंच तोंडानं म्हणायचं होतं.

"मॅनन मोजायची नाही," बाई आत येऊन टेकल्या. "पण काकू आहेत म्हणता, मग सूट कसली? कुठायत त्या?"

काका म्हणजे जन्मभर चॅपलमध्ये सूर धरून देणारा माणूस. उपदेशकाचं बोलणं चढत चढत गाण्यात शिरलं, की पहिला हुंकार यांचा. आज नुसते ओल्वेनच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

मॅननला दया आली, आणि दयेच्या भरात तिची अक्कल गेली. "काकू पण विद्यार्थिनीच आहेत, बाई!"

"या वयात?"

"पूर्णवेळ! कार्डिफला. संगीत शिकतात."

आता काका सावरतील असं तिला वाटलं. काका खुलले. "वर्गात पहिली आहे! मास्तरांनाच दटावते. म्हणते, घाई कशाला? शब्द देवाचा आहे, तो कुठं पळून चाललाय?"

"जेवणाचे हाल होत असतील."

"छे हो! तव्यावर मनुकांच्या गोड टिक्क्या करते, अख्ख्या वसतिगृहाला वाटते."

"सुट्टीत येतील ना?"

काकांचा चेहरा हसराच राहिला. आतलं हसू तेवढं निघून गेलं. "बघू. तसं काही बोलली नाही जाताना."

"बाई, कॉलेजचा दाखला मी नंतर..." मॅनन चाचरली.

"दाखला नको गं." बाईंचा आवाज उतरला. "चॅपलच्या गाण्यातला खालचा सूर मला काकूंनीच शिकवला. त्या दिवशी टेकडीवर तुमच्या मागंच उभी होते मी, काका. तुम्ही सूर दिला नाहीत, म्हणून सगळेच बेसूर गायलो."

"ऐकलं मी," काका म्हणाले. "फार वाईट गायलात."

"माहीत आहे. आता तुम्हीच सांगा. घरात माणसं किती?"

काकांनी ओल्वेनच्या खुर्चीवरची चुरगळलेली गादी हातानं सारखी केली. बराच वेळ करत राहिले.

"एक."

बाईंनी लिहून घेतलं. कोपऱ्यात मॅननला हुंदका आवरला नाही. काका तिच्याकडे वळले. त्यांचेही डोळे वाहत होते.

"तू गप गं," ते म्हणाले. "तुला तर कायद्यानं या घरात धरलंच नाही. मग हे रडतंय कोण?"