एकतीस चुकांचा सिनेमा

आमच्या गल्लीतले फौजेतून निवृत्त झालेले हवालदार किसनराव युद्धाचा सिनेमा बघायला निघाले की सोबत दुर्बीण घेतात. नायकाच्या तोंडाशी त्यांना काही देणंघेणं नसतं. त्यांना बुटाच्या नाड्या तपासायच्या असतात.

मी शाळामास्तर. याद्या करायची मला सवय, म्हणून चुका लिहायचं काम माझ्याकडं आलं. वेळ, चूक, शेरा असे तीन रकाने मी वहीत आखलेत. शेरा बहुधा एकच असतो: "पिट्टू लावा." म्हणजे पाठीवर ओझं बांधून मैदानाला फेऱ्या मारायला लावा. आजवर ही शिक्षा कित्येक दिग्दर्शकांना आणि एकदा तर पॉपकॉर्नवाल्याला झाली आहे.

मागच्या महिन्यात परभणीत कारगिलवरचा सिनेमा लागला. 'सत्य घटनेवर आधारित' ही अक्षरं उमटताच हवालदार मोठ्यानं खोकले. मध्यंतरापर्यंत एकोणीस चुका झाल्या. कॅप्टनचे केस कानावर. बर्फात उभ्या माणसाच्या तोंडातून वाफ नाही. नायक गोळ्या झाडतच राहिला, तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅगझिन हाय का कणगी?" जवान चढ चढताना गाणं म्हणू लागले. "तिथं नाडी बांधली तरी धाप लागती." पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी गप्प बसायला सांगितलं. त्यांनाही पिट्टू.

शेवटचा प्रसंग पेडगावच्या सुभाषचा होता. तो हवालदारांच्याच तुकडीतला. पडद्यावर तो छातीत गोळी घेऊन चांगली दोन मिनिटं बोलला, आईची माफी मागितली, सलाम ठोकला आणि गेला. सगळं थिएटर मुसमुसत होतं.

"फालतू," हवालदार म्हणाले. "लिहा, सर. एकतीस."

मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पेडगावहून सुभाषच्या आईचा, द्वारकाबाईंचा निरोप आला. मी हवालदारांना स्कूटरवर घेऊन निघालो, पण मनात धाकधूक होती. बँडची कदमताल चुकली म्हणून भर लग्नात वरबापाला सुनावणारा हा माणूस.

पुतण्यानं द्वारकाबाईंना मोबाईलवर तो प्रसंग दाखवला होता. त्यांनी हवालदारांना खाटेवर बसवलं आणि त्यांचा हात धरला.

"किसन, शेवटी तूच व्हतास त्याच्यापाशी. येवढ्या सालात मी कधी इचारलं न्हाई. असंच बोलला का रे त्यो?"

हवालदार खाटेवरून उतरून खाली त्यांच्या पायाशी बसले.

"असंच, माय. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई."

द्वारकाबाईंनी दोनदा मान हलवली, पदरानं तोंड पुसलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

परतताना हवालदारांनी माझ्या गाडी चालवण्यात एकही खोट काढली नाही. परभणी जवळ आल्यावर खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला थांबवलं. खाली उतरून रस्त्याकडं बघत उभे राहिले.

"किती वाजले, एवढंच इचारलं होतं त्यानं," ते म्हणाले. "पाच वीस झालते, सर. त्याला सांगायचं राहिलं."