देवरे थांबतात

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले देवरे बेल एकदाच दाबतात आणि हात मागे बांधून उभे राहतात. तुम्ही अंघोळीला गेला असाल, तर अंघोळ उरकून, देवाला फूल वाहून सावकाश दार उघडा, देवरे तिथेच. "घाई नव्हती," म्हणतात आणि विरजण मागतात.

विचारलं की उत्तर येईपर्यंत थांबायचं, हा त्यांचा धर्म. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी "कुणाची हरकत? नाही ना? मंजूर," म्हणाले, की देवरे उठलेच. "विचारलंत, पण थांबलात कुठे?" मग सगळे थांबतात, आणि थांबलं की हरकती निघतातच. लिफ्टच्या रंगापायी एकदा आमची जेवणं थंड झाली. माझ्यासारख्या उतावळ्याला त्यांच्या शेजारी बसणं ही शिक्षा आहे.

पोटापाण्यासाठी ते घरूनच ड्रायव्हर लिहितात, म्हणजे जोडलेलं यंत्र कम्प्युटरला ओळखता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम. त्यांचे वडील, नाना, सटाण्याहून इकडे आलेत. अर्धांगवायूने वाचा गेली. त्यांच्यासाठी देवऱ्यांनी मोठ्या बटणांचा एक जुना ठोकळा कम्प्युटरला जोडला होता. हो, नाही, पाणी, आणि शेवटचं बटण देवऱ्यांच्या स्वतःच्या नावाचं, सुधीर. दाबलं की शब्द पडद्यावर यायचा.

गेल्या महिन्यात कम्प्युटरची सिस्टिम नवी झाली आणि तिला ठोकळा ओळखू येईनासा झाला. नाना बटण दाबत राहायचे, पडदा कोरा.

"नवा घ्या की," मी म्हटलं.

"नानांचा हात यालाच सरावलाय. आणि तो बिघडलेला नाही हो, हळू आहे. सिस्टिमचा गाभा, कर्नेल, त्याला विचारतं, तू कोण? हा नाव सांगायला जरा वेळ लावतो. तेवढ्यात कर्नेल ठरवून मोकळं, इथे कुणीच नाही." देवऱ्यांना चिडलेलं मी प्रथमच पाहिलं. "विचारलं ना? मग थांबावं."

आठवडाभर ते विरजणालाही आले नाहीत. रविवारी मला हाक मारली. ड्रायव्हरला त्यांनी जास्त वेळ थांबायला लावलं होतं, आणि उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारायला. ठोकळा ओळखला गेला होता.

"नाना, पाणी?" देवऱ्यांनी विचारलं.

नानांचा हात हलला आणि अर्ध्यावर राहिला. "नको असेल त्यांना," मी म्हणालो. देवऱ्यांनी नुसतं बोट वर केलं. आम्ही थांबलो. आत कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

मग पडद्यावर शब्द आला. सुधीर.

देवरे नानांच्या गुडघ्याला गुडघा लावूनच बसले होते. तरी आणखी पुढे सरकले, त्यांचा हात हातात घेतला आणि मी इथेच आहे, हे गावच्या बोलीत हळूच सांगितलं, "आठेच शे, नाना. आठेच शे."