सोंड्यांचा दाखला

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी ज्वारी पिकवायचे. प्राणी शेती कशी करतील, असं कोण म्हणालं? गोष्ट मी सांगतोय, गप्प बसा.

त्या जंगलात गिरजाबाई नावाची साळिंदरीण राहायची. औषधाचा थेंबही न फवारता ती ज्वारी पिकवायची. शेजारचा रानडुक्कर मात्र इतकं फवारायचा, की त्याच्या शेतावरून उडताना कावळे खोकायचे.

यंदा सिंहीण राणीचं पोट बिघडलं. वैद्याने सांगितलं, विषमुक्त ज्वारी खा. झालं! सेंद्रिय ज्वारीचा भाव एकदम चढला. गिरजाबाई हरखली. पिल्लांना म्हणाली, "निम्मी ज्वारी विकू, निम्मी पावसाळाभर खाऊ."

राणीचा खरेदीदार मुंगूसशेठ दारात आला. त्याने कणगीत हात घातला आणि तोंड वाकडं केलं.

"यात सोंडे कुठायत?"

"नाहीत की! कडुनिंबाचा पाला घातलाय ना, शेठ."

"मग ही सेंद्रिय कशावरून? विष नसतं तर किडा आला असता. पाला राणीसाहेबांना दिसत नाही बाई, किडा दिसतो."

गिरजाबाईला हे पटलं. कुणी ठासून बोललं की तिला लगेच पटायचं. तिने पाला काढून टाकला आणि सोंड्यांना आवतण धाडलं. सोंडे सहकुटुंब आले.

शेठ पुन्हा आला, खूश झाला. म्हणाला, "आज विकलीत तर चांगला भाव देतो. पण सोंडे वाढले की प्रत वाढते, प्रत वाढली की भाव वाढतो. निर्णय तुमचा."

निर्णय आपला आहे म्हटल्यावर गिरजाबाईची छाती फुगली. ती थांबली.

"आई, भाकरी कर ना," पिल्लं म्हणायची.

"अरे, भाव चढतोय. सोंड्यांना नीट जेवू द्या."

पिल्लं कंद चघळत झोपायची. कणगीतून कुरकुर आवाज यायचा. गिरजाबाई कान लावून म्हणायची, "ऐका, प्रत वाढतीये!"

रानडुकराला एवढा धीर नव्हता. त्याने तिच्याच कणगीतले मूठभर सोंडे सकाळपुरते मागून नेले आणि आपल्या पोत्यावर फिरायला सोडले. बिचारे थोडं चालले आणि मेले. तोवर शेठने सेंद्रियचा शिक्का मारला होता. घरापुरती थोडी सोडून रानडुकराची सगळी ज्वारी राजवाड्यात गेली.

शेवटी एकदाचा सगळ्यात वरचा भाव निघाला. शेठ गाडी जुंपून आला. कणगी उघडली. आत दाणा नव्हता. नुसता भुसा, आणि त्यावर गुबगुबीत सोंडे.

शेठचे डोळे भरून आले. "बाई, इतकी अस्सल ज्वारी मी जन्मात पाहिली नाही!"

"आता तरी कुठं पाहिलीत? ती संपली की!"

"म्हणूनच अस्सल!"

दरबारात गिरजाबाईचा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, टाळ्या तर विचारू नका. मला मात्र त्या पिल्लांची फार कीव येते. ती पहिल्या रांगेत बसून राणीच्या ताटाकडे बघत होती.

घरी येताना गिरजाबाई रानडुकराच्या दारात थांबली. "भाऊ, पोरांपुरती ज्वारी द्या."

"घरात आहे थोडी. पण फवारलेली आहे हो. सत्कारमूर्तींना चालेल?"

गिरजाबाईने शालीचा पदर पुढे केला. "चालेल," ती म्हणाली.

तात्पर्य: ज्वारी घरची असावी, मुलांनो. किडे मात्र शेजाऱ्याचे आणावेत. घरचे फार खातात.