अनुच्चारित जागा

द्वारका वाघमोडे हिला विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात अनुच्चारित जागेवर प्रवेश मिळाला. एम.ए.च्या साठ जागांपैकी छप्पन्न उच्चारित होत्या आणि चार अनुच्चारित.

तीन नंबरच्या खिडकीवरच्या हिर्लेकरांनी तिला ते नीट समजावून दिलं. "नाइफ शब्दात के असतो ना? लिहायचा, पण म्हणायचा नाही. तसंच हे. हजेरीपटावर तुमचं नाव राहील, पण ते कुणी घेणार नाही. आवारात तुमचा आवाजही निघणार नाही. बाकी ग्रंथालय, वसतिगृह, मेस, सगळं इतरांसारखंच."

"आणि एखाद्या दिवशी वर्गात नाही गेले तर?"

"न जाऊन कसं चालेल? स्पेलिंग चुकेल."

द्वारकाने सही केली. खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं. बी.ए.ला असताना जतच्या कॉलेजात तिने एकदा धडा मोठ्याने वाचला होता, आणि त्यातल्या एका चुकलेल्या शब्दाने मुलं तिला वर्षभर हाक मारत होती. इथे तिला कुणी उभं करणार नव्हतं.

सुरुवातीचे महिने बरे गेले. खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर ती बसायची, सर एकतीसनंतर थेट तेहतीस नंबर पुकारायचे, आणि ती वहीत लिहीत राहायची. इंग्रजी तिला भराभर येऊ लागलं. गणेशोत्सवात एक अनुच्चारित मुलगा तापाने पडला, तर त्या दिवशी सर तासभर शिकवत होते आणि कुणालाच काही कळलं नाही. एकेक शब्द बरोबर होता, पण त्यांतून अर्थच लागत नव्हता. तेव्हापासून द्वारकाने एकही तास चुकवला नाही. आपल्यावाचून काहीतरी अडतं, हे तिला आवडलं होतं.

अडचण झाली ती बाहेर जायच्या पासाची. रेक्टरबाई मुलीचं नाव पुकारत, मुलगी "हजर" म्हणे, मग पास मिळे. द्वारकाचं नाव पुकारणं शक्य नव्हतं, त्यामुळे ती जूननंतर फाटकाबाहेर पडलीच नाही. घरून वडिलांचा, आबांचा, फोन यायचा. त्यांचं बोलणं तिला ऐकू यायचं, पण तिचं काहीच तिकडे पोचत नसे. "ऐकतीयास न्हवं?" ते विचारायचे. ती फोनवर नखाने टकटक करायची.

डिसेंबरात तिने शेवटच्या बाकावरच्या गृहस्थांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. केस पांढरे, शर्टाची कॉलर झिजलेली. इतके दिवस ती त्यांना कुणीतरी पाहुणे प्राध्यापक समजत होती. मधल्या सुट्टीत तिने वहीच्या कोपऱ्यात लिहून विचारलं, आपण कोण? त्यांनी पेन्सिलीने, रेखीव इंग्रजीत उत्तर लिहिलं. प्रवेश १९९१. परीक्षा पास, प्रथम वर्ग. पदवीदान समारंभात नाव पुकारल्याशिवाय व्यासपीठावर जाता येत नाही. वाट पाहतो आहे.

खाली त्यांनी तारीख घातली आणि वही तिच्याकडे सरकवली.

पुढच्या आठवड्यात आबा आले. मेंढरं भावाकडे सोपवून, दोन एसट्या बदलून, सकाळी अकराला फाटकाशी उभे राहिले.

"कुणाला भेटायचंय?" गार्ड पाटोळेंनी वही उघडली.

आबांनी फाटकाच्या साखळीवरून आत वाकून तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

"मुलीचं नाव सांगा, आजोबा."

आबांनी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्यांनी घशाला हात लावून पाहिला. "माझी पोरगी," ते म्हणाले, आणि हे मात्र स्वच्छ ऐकू आलं.

"हा रकाना रिकामा ठेवता येत नाही," पाटोळे हळहळून म्हणाले.

आबांनी थोडा विचार केला. मग दोन बोटं तोंडात घालून, परक्याच्या रानात घुसलेला कळप मागे वळवायला घालतात तशी लांब शीळ घातली. शिळेबद्दल नियमांत काहीच नव्हतं. ग्रंथालयात बसलेली द्वारका ती ऐकून धावत सुटली.

फाटकात पाटोळेंनी तिला अडवलं. पास नव्हता. त्यांनी नियमांची पुस्तिका काढली, बोट फिरवत सावकाश वाचली आणि म्हणाले, "पाऊल बाहेर टाकायला पास लागतो. डोक्याचं काही लिहिलेलं नाही."

द्वारकाने पाय आत रोवले, साखळीवरून वाकून डोकं बाहेर काढलं.

"आबा," ती म्हणाली. सहा महिन्यांनी आलेला आवाज तिलाच परका वाटला.

"घरी चल," आबा म्हणाले. "तितं समदी तुला हाक मारत्यात."

"दोनच वर्षं, आबा. मग मोठा समारंभ असतो. नाव घेऊन बोलावतात."

"समद्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

आबांचा चेहरा उजळला. "मग इंग्लिश बोलून दाखव की जरा."

द्वारका बोलली. तोंडाने इंग्रजी ती पहिल्यांदाच अशी बोलत होती, आणि ते कुठेही अडखळलं नाही. तिने शेवटच्या बाकावरच्या गृहस्थांबद्दल सांगितलं. त्यांचा बाक किती झिजला आहे ते सांगितलं. त्यांच्या शेजारची जागा कुणीतरी पुसून स्वच्छ ठेवली आहे, ती कुणासाठी ते विचारायचं आपलं धाडस होत नाही, रात्री आपलंच नाव मनात घेताना आता मधली अक्षरं सापडत नाहीत, हेही सांगितलं. आबा एकेका वाक्याला मान डोलवत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

तासाची घंटा झाली. द्वारकाने डोकं आत घेतलं. तिचं वाक्य अजून संपलं नव्हतं. ओठ हलवत ती मागे मागे सरत गेली, मग वळून विभागाकडे पळाली.

"काय म्हणाली ओ?" आबांनी विचारलं.

पाटोळे वहीत वेळ लिहीत होते. "फार सुंदर बोलते," ते म्हणाले.