सोमाभाऊंचे साहेब

आमच्या छपराच्या कवेलूंवर माकडांचं टोळकं उतरलं की शेजारचे सोमाभाऊ खाटेवरून उठून उभे राहतात आणि हात जोडतात. "या साहेब. बसा."

साहेब बसत नाहीत. ते उड्या मारतात आणि आमचे कवेलू फुटतात.

"सोमाभाऊ, तुमचे साहेब आमचं घर मोडून राह्यले!" आई ओरडते.

"मोडू द्या बाई. सर्व्हिस झाली त्याइची."

गोंडपिपरीत बाकी सगळे माकडांवर गुलेल चालवतात. सोमाभाऊ त्यांना दरडावतात, "सरकारी मानसाले मारता काऊन बे?"

तरुणपणी त्यांना कुष्ठरोग झाला होता. जिवतीकडच्या गावातून ते दवाखान्यात आले, बराच काळ राहिले आणि गोळ्यांनी बरे झाले. परत गावी गेले नाहीत. दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की हा आजार समजून घ्यायला कुठेकुठे माकडांनाही तो मुद्दाम दिला गेला. सोमाभाऊंनी त्यातून एवढंच घेतलं, की आपल्या आजाराच्या खात्यात माकडं नोकरीला होती. त्यांच्या बोटांना अजूनही गरम-थंड कळत नाही. चहाचा कप ते आधी गालाला लावून पाहतात.

परवा दुपारी ते आमच्या पायरीवर येऊन बसले. खुर्ची दिली तर "कपडे मळके हायत" म्हणतात. कपडे मळके नसतात.

"मॅडम," ते म्हणाले. मी इंग्रजी शाळेत गेले, तेव्हापासून मला ते मॅडमच म्हणतात. "तुया मोबाईलात पाह्य ना. त्या साहेबाइचं पुढं काय झालं? पेन्शन भेटते का?"

मी हसले. ते हसले नाहीत. "डॉक्टरले विचाराची हिंमत नाई झाली कधी," ते म्हणाले.

एक जुना शोधनिबंध सापडला. मी वाचत, अडखळत मराठीत सांगत गेले. हे जंतू काचेच्या बशीत वाढत नाहीत, म्हणून प्राणी लागले. सगळ्या माकडांना आजार होत नाही. ज्यांना झाला, त्यांना फार सावकाश झाला. कानांवर, नाकावर, शेपटीवर. औषधांची तपासणी मात्र बरीचशी उंदरांवर झाली.

"उंदराइवर?" सोमाभाऊ दचकले. "मी कालच एक पिंजऱ्यात धरला ना!"

आई आतून मोठ्यानं हसली. मग मी शेवटच्या परिच्छेदाशी आले. तिथे 'सॅक्रिफाइस्ड' असा शब्द होता. जो मराठी शब्द पहिला आठवला, तो मी बोलून टाकला. "मग त्यांचा बळी दिला."

सोमाभाऊ सावरून बसले. "कोन्या देवाले?"

"देव?" मी विचारलं.

"बळी देला म्हनली ना? मंग देव असन. आमच्यात कोंबडं आधी तांदूळ टिपते, राजी हाय म्हनून, तवाच चालते. त्याइनं टिपले का?"

"देव नव्हता, सोमाभाऊ. आतून तपासायचं होतं."

"मंग मारलं म्हन."

"हो. मारलं."

ते पायरीवरची धूळ बोटानं सारखी करत राहिले.

"बिमार होते तवा त्याइच्या घरचं कोनी आलतं का भेटाले?"

शोधनिबंधात असं काही लिहीत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी मी पान वरपासून खालपर्यंत सरकवलं. "इथे लिहिलेलं नाही."

"नसनच आलं," सोमाभाऊ म्हणाले. "दूर पडते ना. आमच्या गावाहूनबी दवाखाना लई दूर पडे."