आख्यानात वारलेले सुखदेव अण्णा

या, असे पुढे सरकून बसा. खांबाला टेकू नका. टेकलेला श्रोता पूर्वरंगातच डुलक्या घेतो आणि घरी जाऊन सांगतो की बुवा काही रंगले नाहीत. आज एक आख्यान सांगायचं आहे. देवाचं नाही, आमदारांचं आहे. पण त्यात भोगलंय ते भक्तानंच, म्हणून ऐकायला हरकत नाही. मन मात्र घट्ट करून बसा. याच्या शेवटी देव धावून येत नाही. तो चिंचवडला असतो. का ते सांगतो.

शनिवार पेठेतल्या एका बोळात तळमजल्यावर बाबुराव राहतात. टपाल खात्यातून निवृत्त झालेला, देवभोळा, कीर्तनवेडा माणूस. पेठेत कुठेही झांज वाजली की यांचे पाय चपला शोधायला लागतात. पण घरी मोरीत उलटी गंगा होती. वरच्या मजल्यावर कोणी अंघोळ केली की ते पाणी बोळातल्या ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत जायचं, चेंबर तुंबलेलं बघून माघारी फिरायचं आणि बाबुरावांच्या मोरीतून वर यायचं. वरच्या बिऱ्हाडात पाहुणे आले की बाबुरावांना पुरावरून कळायचं.

त्यांच्या पत्नी शालनताईंनी हे सगळं सोसलं. पण एका सकाळी पाणी देवघराच्या पायरीला लागलं, आणि त्यांनी पदर खोचला.

"बाळकृष्णानं यमुना ओलांडली हे मी कीर्तनात ऐकलंय," त्या म्हणाल्या. "गटार ओलांडायला लावलेलं माझ्यानं बघवणार नाही."

त्यांनी चांदीचा बाळकृष्ण रेशमी रुमालात गुंडाळला, पिशवीत दोन लुगडी घातली आणि चिंचवडला बहिणीकडे निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, "ड्रेनेज होईल त्या दिवशी आम्ही दोघं परत येऊ. मध्ये फोन करून गळ घालू नका."

एकाच दिवशी बायको आणि देव दोघंही घरातून गेलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. बाबुराव रिकाम्या देवघरापुढे उदबत्ती लावायचे आणि वासावर उपाय म्हणून ती मोरीकडे वळवायचे.

अशात आमदारसाहेबांचा कार्यकर्ता रणजित बोळात आला. साहेब नव्याने निवडून आले होते, रविवारी मंडळाच्या मांडवात त्यांचा सत्कार ठरला होता. साहेबांना वाचनाची आवड आहे, तेव्हा कोणीतरी जुन्याजाणत्याने पाच मिनिटं आपल्या मतदारसंघाच्या इतिहासावर बोलावं, अशी त्याची कल्पना. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या सुशीलाबाई गॅलरीतून म्हणाल्या, "बाबुरावांना सांगा. जन्मभर दुसऱ्याचं ऐकलंय त्यांनी. आता एकदा त्यांचं कोणीतरी ऐकू दे."

बाबुराव नाही म्हणणार होते. पण त्यांना चिंचवड दिसलं. आजवरच्या आमदारांनी या चेंबरचं काय काय कबूल केलं ते साहेबांसमोर गोड शब्दांत मांडावं, साहेबांना लाज वाटावी आणि पाइप मंजूर व्हावा, असा बेत त्यांनी मनाशी बांधला. बेतात वाईट काही नव्हतं. वाईट एवढंच, की बाबुरावांना भाषण कसं करतात हे माहीत नव्हतं. त्यांना फक्त कीर्तन कसं करतात हे माहीत होतं.

रविवारी साहेब आले. चेंबरभोवती रांगोळी काढून तेवढी जागा शोभिवंत केली होती. बाबुरावांनी खांद्यावर उपरणं टाकलं, डोळे मिटले, गणपतीला नमन केलं, सरस्वतीला केलं, मग निवडणूक अधिकाऱ्यांनाही केलं, आणि पूर्वरंग सुरू झाला.

त्यांनी सांगितलं, की पहिले आमदार धोतर नेसून पायी आले, चेंबरपाशी थांबले, नाकाला उपरणं लावून म्हणाले की हे झालंच पाहिजे. तेव्हापासून ते झालंच पाहिजे आहे. पुढचे जीपमधून आले, त्यांनी नारळ फोडला. पाइप आला नाही, नारळाची शेंडी मात्र चेंबरात गेली. त्यानंतरच्यांनी हे काम नगरसेवकाचं असल्याचं दाखवून दिलं, आणि नगरसेवकाने ते आमदारांचं असल्याचं. मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली. एका सकाळी बोळातली माणसं उठली तर ती वेगळ्याच मतदारसंघात होती. जुने आमदार म्हणाले, आता तुम्ही आमचे नाही. नवे म्हणाले, तुमची तक्रार जुनी आहे.

"आमचा बोळ जागचा हलला नाही," बाबुराव हात पसरून म्हणाले, "मतदारसंघ मात्र आमच्या अंगावरून निघून गेला."

मांडव हसला. सुशीलाबाईंनी शेजारणीला कोपर मारलं. पण बाबुरावांनी पाहिलं, साहेब खाली मान घालून मोबाइल बघत होते. आता कीर्तनाचा एक नियम आहे, तो तुम्हालाही ठाऊक असेल: श्रोत्याचं मन उठलं की निरूपण आवरतं घ्यावं आणि आख्यान लावावं. बाबुरावांनी उपरणं झटकलं, आवाज खाली आणला आणि सुखदेव अण्णांना हात घातला.

सुखदेव अण्णा याच बोळातले. बुधवार पेठेत त्यांचा छोटा छापखाना होता. निवडणूक आली की सगळ्या पक्षांची पत्रकं तेच छापायचे, आणि लग्नपत्रिकांच्या बिघडलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर स्वतःची. कारण अण्णा दर निवडणुकीला अपक्ष उभे राहायचे आणि दर निवडणुकीला अनामत घालवायचे. चिन्ह कधी शिट्टी मिळालं, कधी कढई, एकदा शिलाई मशीन. मुद्दा कायम एकच: हे चेंबर. पत्रक उलटं केलं की मागे "आमच्या येथे श्रीकृपेकरून" निघायचं. बोळानं त्यांचं पत्रक प्रेमानं वाचलं आणि मत मात्र दुसऱ्याला दिलं. असं सगळं. तर हे अण्णा त्या रविवारी मांडवात नव्हते. तळेगावला लेकीकडे मोतीबिंदू काढायला गेले होते.

बाबुराव सांगू लागले. पावसात भिजत, हातात नुसती कढई घेऊन दारोदार फिरणारा माणूस त्यांनी उभा केला. मतमोजणीच्या संध्याकाळी चेंबरच्या झाकणापाशी एकटाच बसलेला तो माणूस, आणि पलीकडून जाणारी विजयाची मिरवणूक. गुलाल उडून त्याच्याही डोक्यावर पडतो, तेवढाच काय तो त्याच्या वाट्याला. साहेबांनी मोबाइल खाली ठेवला. पुढच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. बाबुरावांच्या अंगावर काटा आला. जन्मभर ज्या जागेकडे समोरून पाहिलं, तिथे आज ते स्वतः उभे होते आणि श्रोते हातात आले होते. आता शेवट हवा. आख्यानाला शेवट लागतो. आणि जिवंत माणसाला शेवट नसतो.

"आणि मग," बाबुराव म्हणाले, "त्या झाकणावर हात ठेवून अण्णांनी विचारलं, होईल ना हो आता? उत्तर कोणी दिलं नाही. मान कलली, ती कललीच."

मांडवात हुंदका फुटला. बोळातल्या निम्म्या लोकांनी अण्णांना बरेच दिवस पाहिलं नव्हतं, त्यांना हे खरंच वाटलं. सुशीलाबाई नंतर म्हणाल्या, "मी म्हटलं, मोतीबिंदूतच गेले बिचारे." उरलेल्या निम्म्यांना खरं माहीत होतं, पण साहेबांनी खिशातून रुमाल काढलेला दिसला आणि त्यांनी विचार केला, की पाइप येत असेल तर अण्णा थोडा वेळ गेलेले काय वाईट.

साहेब उठले. त्यांना खरोखर भरून आलं होतं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. म्हणाले, लोकशाहीच्या अशा वारकऱ्याला हा मतदारसंघ विसरणार नाही. दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले. मग त्यांनी आमदार निधीतून बोळाच्या तोंडाशी दगडी कमान जाहीर केली: स्वर्गीय सुखदेव अण्णा स्मृती प्रवेशद्वार.

बाबुरावांनी माइक हाताने झाकून हळूच विचारलं, "आणि साहेब, ते ड्रेनेज?"

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आजच्या दिवशी गटाराचं बोलणं बरं दिसत नाही."

रात्रभर बाबुरावांचा डोळा लागला नाही. सकाळीच त्यांनी रणजितला गाठलं आणि अण्णा ठणठणीत आहेत, फक्त एका डोळ्यावर पट्टी आहे, असं सांगून टाकलं. रणजितच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"काका, साहेब रडलेत. ती रील अख्ख्या मतदारसंघानं बघितलीय. आता ते जिवंत कसे काय असतील?"

"अरे, पण आहेत."

"तुम्हाला आधी सांगायला काय झालं होतं? मी रात्रीच मोबाइलवरून अर्ज करून मतदार यादीतून त्यांचं नाव कमी करायला दिलं. म्हटलं, आपल्याकडून तेवढीच सेवा."

बाबुराव तिथेच पायरीवर बसले. त्यांच्या देखत कमानीचा खड्डा खणायला सुरुवात झाली. डावा खांब बोळाच्या डाव्या अंगाला, उजवा उजव्या. आणि उजव्या अंगाला बरोबर ते चेंबर. बाबुरावांनी आरडाओरड केली, मजुरांनी मुकादमाला विचारलं, मुकादमानं नकाशा दाखवला. नकाशात चेंबर नव्हतं. जे आजवर कुणी दुरुस्तच केलं नाही, ते नकाशात कुठून येणार? दुपारपर्यंत झाकणावर काँक्रीट पडलं, आणि संध्याकाळी बाबुरावांच्या घरात पाणी देवघराची पायरी ओलांडून पहिल्यांदा माजघरात आलं.

त्याच वेळी शालनताईंचा फोन.

"भाषण बघितलं हो मोबाइलवर. फार रडले. पण अण्णा गेले तर मला कळवायचं नाही का?"

"अगं, अण्णा गेले नाहीत."

"मग गटार?"

"तेही गेलं नाही."

पलीकडून बाळकृष्णाच्या आरतीची घंटा ऐकू आली आणि फोन बंद झाला.

आठवड्यानं अण्णा आले. काळा चष्मा, हातात काठी, काखेत लेकीनं दिलेला डबा. बोळाच्या तोंडाशी त्यांचाच फ्लेक्स लागला होता, भावपूर्ण श्रद्धांजलीचा, आणि त्याला ताज्या झेंडूचा हार. बाबुराव धावत गेले, पण तोवर अण्णांचं वाचून झालं होतं.

"फोटो बरा निवडलाय," अण्णा म्हणाले. "कशानं गेलो मी?"

"कशानं असं नाही अण्णा. तुम्ही झाकणापाशी बसला होतात आणि..." भर रस्त्यात बाबुरावांनी अण्णांचे पाय धरले, घडलेलं सगळं सांगितलं आणि म्हणाले, की आत्ता जाऊन साहेबांना खरं काय ते सांगतो.

अण्णा कमानीच्या खांबाला काठीने टोकत उभे होते. "हार कोण घालतं?"

"सुशीलाबाई घालतात. कधी वरचे बिऱ्हाडकरू. बोळातलं कोणी ना कोणी रोज घालतं."

"मी उभा होतो तेव्हा यांतल्या कोणी मत दिलं नाही हो," अण्णा शांतपणे म्हणाले. "दर वेळी मतपेटीतून माझं एक निघायचं, तेवढं ओळखीचं वाटायचं." मग त्यांनी विचारलं, "यादीतलं नाव खरंच गेलं?"

बाबुरावांनी मान डोलावली.

"म्हणजे आता तेही नाही." अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "राहू द्या, बाबुराव. सांगायला जाऊ नका. पुन्हा जिवंत झालो तर हार बंद होईल, आणि गटार काही उघडणार नाही."

कमानीच्या उद्‌घाटनाला अण्णा शेवटच्या रांगेत बसले, काळ्या चष्म्यात. स्वतःवरची चार भाषणं त्यांनी ऐकली आणि चारही वेळा टाळ्या वाजवल्या. शेजारी बाबुराव, घामाघूम. कार्यक्रम संपवून साहेब लोकांना नमस्कार करत मागच्या रांगेपर्यंत आले. इतका म्हातारा मतदार एवढा वेळ बसून राहिलेला बघून त्यांना बरं वाटलं. त्यांनी वाकून अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले.

"काय आजोबा, काही अडचण?"

अण्णांनी काठी उचलून उजव्या खांबाकडे केली. "साहेब, त्याच्याखाली चेंबर आहे. तुंबलंय. तेवढं उघडायला हवं होतं."

साहेबांनी कमानीवरच्या नावाकडे पाहिलं. त्यांचे डोळे पुन्हा पाणावले. खोटं नव्हतं ते. माणूस खरंच हळवा आहे. अण्णांचे हात घट्ट दाबून ते म्हणाले, "अगदी त्यांचीच आठवण करून दिलीत. असं पोटतिडकीनं विचारणारे आता राहिले नाहीत, आजोबा." आणि पुढच्या माणसाला नमस्कार करायला निघून गेले.

बाबुराव अजून तळमजल्यावरच राहतात. पाणी येतं, ते उपसतात. संध्याकाळी कीर्तनाला जातात, पण आता पूर्वरंग झाला की उठून येतात. आख्यानाला थांबत नाहीत. बाळकृष्ण चिंचवडला रमला आहे असं शालनताई कळवतात.

आता उठा, दिवेलागण झाली. घरी जाऊन देवापुढे हात जोडाल तेव्हा सुखदेव अण्णांची आठवण ठेवा. वाटलं तर त्या कमानीवर एखादं फूल वाहा. ते समोरच्या ओट्यावरून बघत असतात, त्यांना बरं वाटतं. नाव घेताना फक्त आधी "स्वर्गीय" लावू नका. आणि साहेब भेटले, तर विसरू नका, लावा.